काचबिंदूचं औषध महिनोन्‌महिने डोळ्यात ठेवता येतं, पण ते संपल्याचं कळणार कोणाला?

प्रश्न असा आहे: "मी एम.फार्म. करते आहे. पीएच.डी.साठी काचबिंदूचं औषध डोळ्यात पोचवण्याची नवी पद्धत हा विषय घ्यायचा विचार आहे. नॅनोपार्टिकल, डोळ्यात घट्ट होणारं जेल, कॉन्टॅक्ट लेन्स, इम्प्लांट यांपैकी कशात खरंच काम बाकी आहे? माझ्या आजोबांना रोज तीन प्रकारचे थेंब घालावे लागतात. त्यांच्यासारख्यांचे थेंब कधी सुटतील का?"

काम भरपूर बाकी आहे, पण आपल्याकडचे बहुतेक प्रबंध ज्या जागी होतात तिथे नाही. मी बरीच वर्षं काचबिंदूचेच रुग्ण पाहतो, आणि औषधं घडवणाऱ्या संशोधकांबरोबरही बसतो. त्या अनुभवावरून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. औषध डोळ्यात किती महिने टिकेल यावर जगभर अफाट मेहनत झाली आहे. ते संपलं की रुग्णाला आणि डॉक्टरला कसं कळणार, याचा विचार फार थोड्यांनी केला आहे. तुमचा विषय मला तिथे दिसतो. असं का म्हणतो ते समजायला आधी थेंबाचं गणित मांडावं लागेल.

बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यावर अश्रूंचा थर असतो ७ ते १० मायक्रोलिटरचा, आणि खालची पापणी ओढून केलेल्या खळग्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतात, तेही पापणी मिटेपर्यंतच. बाकीचं गालावर ओघळतं. जे राहतं त्यातलं बरंचसं पापणीची उघडझाप नाकाकडच्या नळीत ढकलते. डॉर्झोलामाइडचा थेंब घातल्यावर तोंड कडू झालं असं रुग्ण सांगतात ते त्यामुळेच. नाकाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात जातं, यकृताची गाळणी त्याला लागत नाही. म्हणून दमा असलेल्या माणसाला टिमोलॉलचा साधा थेंबसुद्धा धाप लावू शकतो, आणि आधीच मंद चालणारी नाडी आणखी मंद करू शकतो.

उरलेल्या औषधापुढे कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, उभा. त्याचा बाहेरचा थर तेलात विरघळणाऱ्या रेणूंना वाट देतो आणि पाण्यात विरघळणाऱ्यांना अडवतो. मधल्या जाड थराचं नेमकं उलट. लॅटॅनोप्रोस्ट हे औषध म्हणूनच तेलात विरघळणाऱ्या एस्टरच्या रूपात देतात. बाहेरचा थर ते सहज ओलांडतं, मग कॉर्नियातली एन्झाइम्स एस्टर तोडतात आणि खरं काम करणारं आम्ल मोकळं होतं. एवढी हुशारी करूनही थेंबातलं ५ टक्क्यांहून कमी औषध डोळ्याच्या आत पोचतं. पोचलेलंही टिकत नाही, कारण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सुमारे २५० मायक्रोलिटर पाणी असतं आणि मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर नवं तयार होतं. दीड-दोन तासांत सगळं पाणी बदललेलं असतं.

आता एक आकडेमोड कागदावर स्वतः करून पाहा. ०.०३ टक्के बायमॅटोप्रोस्टच्या ३० मायक्रोलिटरच्या एका थेंबात ९ मायक्रोग्रॅम औषध असतं. हेच औषध डोळ्याच्या आत सोडणारं जे इम्प्लांट अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मार्च २०२० मध्ये मंजूर केलं, त्या ड्युरिस्टामध्ये एकूण औषध आहे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे रोज रात्री घालायच्या एका थेंबाइतकं औषध योग्य जागी ठेवलं तर सुमारे चार महिने पुरतं. औषध पोचवण्याच्या पद्धतींवर आयुष्य घालवणारी माणसं या क्षेत्राकडे का ओढली जातात, ते या एका हिशेबात आहे.

दुसरा हिशेब माणसांचा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांना थेंब फुकट दिले होते, आणि बाटली कधी दाबली जाते याची नोंद एक यंत्र ठेवत होतं. रुग्णांना हे माहीत होतं. तरी जवळपास ४५ टक्के लोकांनी ठरलेल्या डोसांपैकी तीन-चतुर्थांशही घेतले नाहीत. फुकट औषध आणि डोक्यावर पाळत असतानाची ही गत. जिथे बाटलीचे पैसे निवृत्तिवेतनातून किंवा मुलाने पाठवलेल्या पैशांतून जातात तिथे काय होत असेल, हे मला रोज ओपीडीत दिसतं.

मी नव्या रुग्णाला, आणि जुन्यालाही, सांगतो: माझ्यासमोर थेंब घालून दाखवा. एक आजोबा बाटली डोळ्यापासून वीतभर उंच धरतात, हात कापतो, पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसऱ्याला डोळा घट्ट मिटतात आणि मग "पडला बरं का" म्हणून रुमालाने डोळा पुसतात. संधिवाताने वाकलेल्या अंगठ्यात ती टणक बाटली दाबायची ताकदच नसते. एक आजी बाटलीचं टोक पापणीला टेकवून घालतात, कारण तसं केल्याशिवाय थेंब पडल्याचं त्यांना कळत नाही. दोघांच्याही फाइलवर आधी कोणीतरी लिहिलेलं असतं की औषधाचा परिणाम नाही, दुसरं सुरू करावं. प्रयोगशाळेत काम सुरू करण्याआधी तुम्ही एखाद्या नेत्ररुग्णालयात जाऊन एक सकाळ हे पाहावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

काचबिंदूत दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडेने जाते. दृष्टीची नस एकदा वाळली की परत येत नाही. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत तर काचबिंदू असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या हातात आपण फक्त एक गोष्ट देऊ शकतो, ती म्हणजे डोळ्यातला दाब कमी ठेवणं. स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीतून निघालेला निष्कर्ष असा की दाब पाऱ्याच्या प्रत्येक मिलिमीटरने उतरला की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. म्हणून प्रत्येक चुकलेल्या थेंबाची मला काळजी वाटते.

थेंबांवाचून औषध देण्याची कल्पना आजची नाही. १८७० च्या दशकात फायसोस्टिग्मीन आणि पिलोकार्पीन आले, आणि जवळपास शंभर वर्षं पिलोकार्पीन दिवसातून चार वेळा घालत राहिले. बाहुली आकसायची, भुवया दुखायच्या, नजर धूसर व्हायची. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अल्झा कंपनीने ऑक्युसर्ट बाजारात आणलं. पापणीखाली ठेवायची लहानशी चकती, आत पिलोकार्पीन, दोन्ही बाजूंना एथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेटचा पातळ पडदा, कडेला दिसावी म्हणून पांढरी रिंग. ताशी २० किंवा ४० मायक्रोग्रॅम औषध, पूर्ण सात दिवस. औषध ठरावीक वेगाने सोडण्याच्या शास्त्रातली ती सुंदर कामगिरी होती. पण म्हाताऱ्या हातांना ती चकती बसवता येईना, डोळ्यात खुपे, महाग पडे. सगळ्यात वाईट म्हणजे झोपेत ती बाहेर पडे आणि माणसाला कळतही नसे. औषध चालू आहे अशा समजुतीत दिवस जात. १९९० च्या दशकात ती बाजारातून गेली. तुमच्या संदर्भसूचीत ऑक्युसर्टचा उल्लेख एका ओळीत येईल हे मला माहीत आहे. तिच्यावर आख्खं प्रकरण लिहा. पुढे जे जे अडलं ते सगळं तिच्यात आधीच दिसलं होतं.

मधल्या काळात थेंब सुधारत गेले. १९७८ मध्ये टिमोलॉल आलं, दिवसातून दोनदा. १९९६ मध्ये लॅटॅनोप्रोस्ट आलं, दिवसातून एकदा. तुमच्या क्षेत्रातल्या फार जणांच्या नजरेतून हे वर्ष निसटतं. लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदाच घालायचं असल्यामुळे २४ तास औषध सोडणारं जेल किंवा नॅनोपार्टिकल काचबिंदूच्या रुग्णाला काहीच नवं देत नाही. रोजचा एक थेंब रोजचा एक थेंबच राहतो. टिमोलॉल घट्ट करून दिवसातून एकदा करायचं कामही १९९३ मध्येच झालं, डोळ्यात गेल्यावर घट्ट होणारा गेलन गम वापरून. तरी १२ तासांत औषध किती सुटतं (रिलीज प्रोफाइल) ते डोळ्याऐवजी डायलिसिस पिशवीत मोजणारे, टिमोलॉलचे आणि ब्रिन्झोलामाइडचे प्रबंध अजून निघतात. त्यांत पदवी मिळते. आजोबांची बाटली तिथेच राहते.

थेंबाच्या घडणीत खरंच उपयोगाचं काम झालं ते प्रिझर्व्हेटिव्हच्या बाबतीत. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह वर्षानुवर्षं डोळ्यात गेलं की पृष्ठभाग कोरडा पडतो, लाली येते, जळजळ होते, आणि रुग्ण थेंब सोडून देतो. आपल्या सन फार्माच्या संशोधन कंपनीने, स्पार्कने, मायसेलच्या (तेलकट औषध पाण्यात धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) तंत्राने लॅटॅनोप्रोस्ट या प्रिझर्व्हेटिव्हशिवाय विरघळवलं आणि २०१८ मध्ये त्याला अमेरिकेची मंजुरीही मिळाली. औषध तेच, वाट तीच, फक्त वाटेतला काटा काढला. अशा कामाला मी कमी लेखत नाही.

आता पुन्हा ड्युरिस्टाकडे, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे. पीएलजीएसारख्या विरघळणाऱ्या पॉलिमरची बारीक कांडी, सुईतून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडतात. ती खाली, कॉर्निया आणि बुबुळ यांच्या कोनात जाऊन बसते. मोठ्या चाचण्यांत दर सोळा आठवड्यांनी अशी तीन इम्प्लांट दिली आणि टिमोलॉलच्या थेंबांशी तुलना केली. दाब उतरवण्यात इम्प्लांट कमी पडलं नाही. उलट अनेक रुग्णांमध्ये शेवटच्या इम्प्लांटनंतर वर्षभर दुसरं औषध लागलं नाही, जरी त्यातलं औषध केव्हाच संपलेलं होतं. मग अडलं कुठे? कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी कमी होऊ लागल्या. पहिली कांडी पुरती विरघळण्याआधी दुसरी तिथे येऊन पडत होती. औषध आधी संपायचं, पॉलिमर मागे उरायचा, फुगायचा, आणि कोनात गर्दी व्हायची. म्हणून मंजुरी मिळाली ती एका डोळ्यात एकदाच, अशी. आयुष्यभराच्या आजारावर एकदाच देता येणारं औषध! त्या पेशींचं महत्त्व सांगतो. प्रौढ माणसाच्या कॉर्नियात त्या चौरस मिलिमीटरला सुमारे २,५०० असतात, गेलेल्या पेशी परत तयार होत नाहीत, आणि संख्या ५०० च्या आसपास आली की कॉर्निया पाणी धरून ढगाळ होतो.

इथे तुमच्या प्रयोगशाळेशी थेट संबंध येतो. तुम्ही प्राणी म्हणून ससा घ्याल, सगळेच घेतात. सशाच्या कॉर्नियातल्या या पेशी पुन्हा वाढतात, माणसाच्या वाढत नाहीत. म्हणजे माणसात जो धोका सगळ्यात मोठा ठरला तो सशात झाकला जाऊ शकतो. ससा तासाभरात मोजक्याच वेळा पापणी मिटतो, आपण मिनिटाला डझनभर वेळा. म्हणून पृष्ठभागावर ठेवलेलं काहीही सशात जास्त टिकतं. आणि लॅटॅनोप्रोस्टने सशाचा दाब नीट उतरतच नाही, कुत्र्यात आणि माकडात उतरतो. लॅटॅनोप्रोस्टचं पार्टिकल सशात घालून दाबाचा सुंदर आलेख काढलेला शोधनिबंध दिसला, तर त्यातली तुलना कशाशी केली आहे ते दोनदा वाचा. सशात औषधाचं प्रमाण मोजा, दाह पाहा, पॉलिमर किती दिवस उरतो ते पाहा. दाबाबद्दलचा दावा मात्र त्याच्यावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत ठळक दिसत नाही. औषध जितकं सलग तितका परिणाम चांगला, हे गृहीत धरू नका. लॅटॅनोप्रोस्ट दिवसातून दोनदा घातलं तर एकदा घातल्यापेक्षा परिणाम कमी होतो, हे मानवी चाचण्यांत दिसलेलं आहे. इम्प्लांटमधून मात्र प्रोस्टाग्लँडिन (लॅटॅनोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट यांचा औषधगट) सलग दिलं तरी काम करतं. मात्रा, जागा आणि सलगपणा यांचं हे कोडं अजून पूर्ण उलगडलेलं नाही, आणि फार्मसीच्या माणसाने हात घालावा असंच ते आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये दुसरं इम्प्लांट मंजूर झालं, ग्लॉकोस कंपनीचं आयडोस टीआर. टायटॅनियमचं, लांबी १.८ मिलिमीटर, आत ७५ मायक्रोग्रॅम ट्रॅव्होप्रोस्ट, आणि औषध झिरपू देणारा पडदा त्याच एथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेटचा, जो ऑक्युसर्टमध्ये होता. ते कोनातल्या, पाणी बाहेर जाण्याच्या जाळीतून मागच्या पांढऱ्या भिंतीत रोवलं जातं, त्यामुळे हलत नाही. चाचण्यांत वर्षाअखेर ८१ टक्के रुग्ण थेंबांवाचून होते. कंपनीने अमेरिकेत जाहीर केलेली किंमत १३,९५० डॉलर, म्हणजे एका डोळ्याला ११ लाख रुपयांहून अधिक. आपल्याकडे टिमोलॉलची बाटली शंभर रुपयांच्या आत मिळते.

किंमत उतरवता येते, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायची भिंगं बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या घरातली वस्तू दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत पाणी बाहेर काढायला बसवायची नळीही त्यांनी स्वस्तात बनवली, आणि देशभरचे सर्जन ती वापरतात. तेव्हा ११ लाखांचा आकडा पाहून हात आखडू नका. पण घडणीच्या पहिल्या दिवसापासून खर्च, निर्जंतुकीकरण आणि उत्पादन डोक्यात ठेवा. निर्जंतुक करायला पीएलजीएवर गॅमा किरण सोडले की त्याच्या साखळ्या तुटतात आणि औषध सुटण्याचा वेग बदलतो. सगळा रिलीजचा अभ्यास निर्जंतुक न केलेल्या नमुन्यावर केला असेल, तर तो पुन्हा करावा लागेल.

आता मूळ मुद्दा. बाटली रिकामी होते तेव्हा ती दिसते. हलवून पाहिली की कळतं. आजोबा नातवाला मेडिकलमध्ये पाठवतात, दुकानदार चिठ्ठी मागतो, चिठ्ठी जुनी असेल तर डॉक्टरकडे जावं लागतं. थेंब कितीही गैरसोयीचे असले तरी महिन्याला एकदा रुग्णाला आजाराची आठवण करून देण्याचं काम ती बाटली करते. इम्प्लांट हे काम करत नाही. ते डोळ्याच्या आत, कोणालाही न दिसता संपतं. प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम ओसरायला चार-सहा आठवडे लागतात, त्यामुळे दाब हळूहळू चढतो. डोळा लाल होत नाही, डोकं दुखत नाही, समोरचं तितकंच स्वच्छ दिसतं. त्यातून आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदूचं, एकदा झालं की सुटलो, अशी घट्ट समजूत. इम्प्लांट बसवलेला माणूस घरी सांगणार, डोळ्यात औषध बसवलं, आता थेंब बंद. चार महिन्यांनी या म्हटलं तर तेव्हा ऊसतोड असते, कांदा काढायचा असतो, सोबत यायला कोणी नसतं. तो दोन वर्षांनी येतो. तोवर नजरेचा पसारा मोजणाऱ्या फील्ड टेस्टमधला काळा भाग नाकाच्या बाजूने मध्यापर्यंत आलेला असतो.

अमेरिकेतल्या चाचण्यांत हे दिसणार नाही, कारण तिथे रुग्णाला ठरलेल्या तारखेला बोलावून आणलं जातं. म्हणून मला वाटतं की आपल्या देशासाठी इम्प्लांट घडवायचं तर संपल्याची खूण त्याच्यातच असली पाहिजे. कशी? औषधाच्या गाभ्याखाली, डोळ्याला निरुपद्रवी आणि पॉलिमरमध्ये पक्का बांधलेला रंगाचा थर ठेवला, आणि गाभा झिजल्यावर तो साध्या स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, उघडा पडला, तर तालुक्याच्या ठिकाणचा ऑप्टोमेट्रिस्टसुद्धा पाहून सांगेल की औषध संपलं. कोनात खाली बसणारी कांडी अशी पाहायला गोनिओस्कोपी (खास भिंग डोळ्याला लावून कोन पाहणं) लागते, म्हणून तिची जागा आणि आकारही यासाठी बदलावा लागेल. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पारदर्शक पडद्याखाली, म्हणजे कंजंक्टायव्हाखाली, ठेवायचा औषधाचा साठा घेतला तर रंग बाहेरून, पापणी उचलून दिसू शकेल. घरच्या माणसालाही दिसेल. मात्र त्या जागेवरून औषध आत पोचवणं अवघड, कारण तिथल्या रक्तवाहिन्या ते वाहून नेतात. सिंगापूरच्या गटाने लिपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत) भरलेलं लॅटॅनोप्रोस्ट याच जागी टोचून मोजक्या रुग्णांमध्ये तीन महिने दाब उतरवून दाखवला आहे, त्यामुळे वाट बंद नाही.

औषध कसं संपतं हेही या दृष्टीने पाहा. पीएलजीएतून औषध शेवटी शेवटी रेंगाळत सुटतं, त्यामुळे ते नेमकं कुठल्या दिवशी अपुरं पडलं हे सांगता येत नाही. पडद्यामागच्या साठ्यातून ते सपाट वेगाने येतं आणि मग एकदम थांबतं. थेराप्युटिक्सच्या पुस्तकात सपाट रेषेचं कौतुक असतं. मला तिचा फायदा वेगळा वाटतो. थांबण्याची तारीख आधी सांगता येते, आणि तारीख सांगता आली तर त्या आठवड्यात गावातल्या केंद्रावर दाब मोजायची व्यवस्था लावता येते. भुलीच्या थेंबाशिवाय दाब मोजणारी, हातात धरायची रिबाउंड टोनोमीटर यंत्रं आता आहेत, ती प्रशिक्षित तंत्रज्ञाला सहज वापरता येतात. औषध आणि तपासणी एकाच वेळी आखणारा प्रबंध मला अजून वाचायचा आहे.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. औषध सोडणारी कॉन्टॅक्ट लेन्स: बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअरमधल्या गटाने लॅटॅनोप्रोस्टची लेन्स माकडांवर यशस्वी करून दाखवली, आणि अ‍ॅलर्जीवरच्या केटोटिफेनची लेन्स जपानमध्ये २०२१ ला व अमेरिकेत २०२२ ला मंजूर झाली. पण सत्तरीच्या माणसाला लेन्स घालता येत असेल तर त्याला थेंबही घालता येतो. अश्रुनलिकेच्या तोंडात बसवायचा ट्रॅव्होप्रोस्टचा प्लग तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २०१९ मध्ये मुख्य कसोटीवर उतरला नाही. जॉर्जिया टेकमध्ये तर डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीखाली नुसतं हायड्रोजेल टोचून, काहीही औषध न घालता, सशांचा दाब चार महिने उतरवला. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची एक वाट ते जेल उघडी धरून ठेवतं. ही कल्पना मला फार आवडते, पण ती तुमच्याहून अभियंत्याची अधिक आहे.

एका गोष्टीचं भान या सगळ्यांना ठेवावं लागेल. आज मिळणारी सगळी प्रोस्टाग्लँडिनची इम्प्लांट उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहेत. आपल्याकडे कोन अरुंद असलेले रुग्ण खूप आहेत, आणि अरुंद कोनात कांडी ठेवायला जागाच नाही. इम्प्लांटची जागा ठरवताना हा भारतीय डोळा समोर ठेवा.

आणि तुमच्या इम्प्लांटची खरी स्पर्धा थेंबांशी नाही, लेझरशी आहे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातून निघालेल्या ‘लाइट’ नावाच्या चाचणीत सुरुवातीलाच एसएलटी लेझर (पाणी बाहेर जाण्याच्या जाळीवर करायचं लेझर) केलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी थेंबांवाचून होते. काही मिनिटांची प्रक्रिया, आत काही ठेवायचं नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये तोच पहिला उपचार म्हणून सुचवला. लेझरचा परिणामही काही वर्षांनी गुपचूप ओसरतो, म्हणजे संपल्याचं कळण्याचा प्रश्न तिथेही आहेच.

आता आजोबांविषयी. तीन बाटल्यांपैकी दोन औषधं एकाच बाटलीत मिळतात का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल, ब्रिमोनिडीन आणि टिमोलॉल अशा जोड्या सहज मिळतात. दम्याचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. एसएलटी त्यांच्या डोळ्याला चालेल का, हेही विचारा. थेंब बसून नव्हे, आडवं होऊन घालू द्या. बाटली धरलेल्या हाताची मूठ कपाळाला टेकवली की हात कापत नाही. खालची पापणी ओढून खळग्यात एकच थेंब, मग डोळा अलगद मिटायचा, आणि नाकाशेजारचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. त्याने औषध नाकात कमी जातं, डोळ्यात जास्त राहतं. दुसरा थेंब पाच मिनिटांनी. हाताला हे जमतच नसेल तर रात्रीचा थेंब तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी घालावा. डोळा बरा वाटतो म्हणून आजोबांनी एखादी बाटली आपणहून बंद केली आहे का, हे या आठवड्यात त्यांच्या तिन्ही बाटल्या हातात घेऊन, हलवून, एकदा पाहून घ्या.